गाणे कोणाचे, अंक कोणाचा?

किशोरवयीन मुलींसाठी लोकप्रिय गाण्यांचे मासिक काढावयाचे झाल्यास त्याची रचना कशी असावी, हा प्रश्न या साप्ताहिकाच्या अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही वाचकांना येईल. जमिनीचे, पाण्याचे, कंत्राटी मजुरीचे प्रश्न तुंबून राहिलेले असताना पोरीबाळींच्या गाण्यांत संपादकांनी वेळ का दवडावा, असेही कोणी म्हणेल. या शंकेचे उत्तर देण्यासाठीच आजचा हा लेख आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलीला काय ऐकावे, कोणासारखे दिसावे आणि कशाची इच्छा धरावी हे रोज कोणी ना कोणी सांगत असते. ते सांगणाऱ्यांत आम्ही नाही. आमच्या चळवळीने हे क्षेत्र क्षुल्लक समजून बाजाराच्या स्वाधीन केले, आणि मग मुली सभेला येत नाहीत म्हणून खंत करीत बसलो.

तारापूर औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या पाम गावाचे उदाहरण घ्या. पाम, सालवड, कुंभवली, कोलवडे या गावांच्या शिवारात कारखाने आले आणि त्यांच्यामागून चाळी आल्या. आज येथे वारली मुलगी, वाडवळ वा मांगेला घरातील मुलगी आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगाराची मुलगी शेजारी शेजारी वाढतात. त्यांच्या आयांची गाणी वेगवेगळी आहेत, पण मोबाइलवर वाजणारे गाणे एकच आहे. लग्नाच्या मांडवात डीजे तेच वाजवितो आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावरच नाच बसतो. या मुलींना गाणे आवडते यात वाईट काहीही नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या गाण्यावर त्या जीव टाकतात त्यात त्यांचे स्वतःचे काय आहे?

अशा मासिकांचा इतिहास नवा नाही. स्कॉटलंडमधील डंडी शहरात डी. सी. थॉमसन या कंपनीने १९६४ च्या जानेवारीत ‘जॅकी’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. १९७० च्या दशकात त्याचा खप आठवड्याला सहा लाख प्रतींपर्यंत गेला होता. याच कंपनीने १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर आपल्या छापखान्यांतून कामगार संघटनांना हद्दपार केले होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. कामगाराला संघटनेचा हक्क नाकारणारा मालक कामगारांच्याच मुलींना स्वप्ने विकत होता. गायकाचे मोठे चित्र तीन तुकड्यांत, तीन आठवडे छापावयाचे, म्हणजे चित्र पुरे करण्यासाठी मुलीने तीन अंक घेतलेच पाहिजेत, ही त्या मासिकाची एक प्रसिद्ध युक्ती. ‘कॅथी आणि क्लेअर’ या दोघी मुलींच्या खासगी पत्रांना उत्तरे देत. प्रत्यक्षात त्या नावांच्या बायाच नव्हत्या, संपादक-वर्गातील मंडळी ते सदर लिहीत.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील अभ्यासक अँजेला मॅकरॉबी यांनी १९७८ मध्ये या साप्ताहिकाची चिकित्सा केली. प्रेमकथा, घरगुती व खासगी अडचणी, फॅशन व सौंदर्य आणि पॉप संगीत अशा चार सूत्रांवर सारा अंक उभा असतो, असे त्यांनी दाखविले. त्यातील संगीताच्या पानांवर गायकाचा चेहरा भरपूर असे, पण संगीत कसे करावे याविषयी जवळजवळ काहीच नसे. वाद्य मुलीच्या हाती कधी येतच नसे. तिच्या हाती यावयाचा तो गायकाचा फोटो. ‘जॅकी’ १९९३ मध्ये बंद पडले, परंतु त्याची रचना मेली नाही. ती कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर गेली, एवढेच.

आपल्याकडे काय झाले? कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६७ ते १९७७ या काळात ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे तरुणांचे नियतकालिक चालविले. त्यात पॉप संगीत होते, भिंतीवर लावावयाची चित्रे होती; परंतु ते इंग्रजी शिकलेल्या शहरी तरुणांचे होते. मराठीत बालभारतीने १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केले, ते सर्व मुलामुलींचे. १९३० मध्ये निघालेल्या ‘स्त्री’ मासिकाने आणि १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने बाईच्या मनाला मराठीत वाट करून दिली. पण बालपण संपलेले आणि बाईपण सुरू न झालेले जे मधले वय, त्या वयाच्या कष्टकरी मुलीला मराठी नियतकालिकांच्या जगात हक्काची खुर्ची मिळाली नाही.

आणि तरीही मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात एक किशोरी ठामपणे उभी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी ती स्वतः बोलली. तिच्यासाठी दुसऱ्या कोणी सदर लिहिले नव्हते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे शक्य झाले ते आज पाममध्ये अशक्य का असावे?

पालघरला तर या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी येथील एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. ज्या कायद्याचा आधार घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. तो निकाल ज्या याचिकेच्या नावाने ओळखला जातो, ती याचिकाही एका तरुण विद्यार्थिनीचीच होती. मुलगी नाचते, गाते, सजते तोवर समाज टाळ्या वाजवितो. ती मत मांडू लागली की चौकीवर बोलावणे येते. तेव्हा मुलींचा अंक कसा असावा हा प्रश्न रंगसंगतीपुरता राहत नाही. मुलीला बोलू द्यावयाचे की नुसते ऐकावयास लावावयाचे, हा तो प्रश्न आहे.

याच जिल्ह्यातील आणखी एक धडा आहे. वारली लग्नात धवलेरी गाणी म्हणून विधी लावते. लग्नचौक सुवासिनी लिहितात. ही विद्या बायांची. १९७० च्या दशकात ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आली, बाजारात गेली, आणि जगभर पोहोचली ती प्रामुख्याने पुरुष चित्रकारांच्या नावाने. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी वादातीत आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या हातांची नावे कोणाला सांगता येतील? भिंतीवरची कला कागदावर येते तेव्हा नाव कोणाचे लागते आणि पैसा कोणाकडे जातो, हे आरंभीच ठरवून घ्यावे लागते. गाण्यालाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून अंकाच्या रचनेविषयी आम्ही काही सूचना करीत आहोत. पहिली मधल्या पानांची. पिन मारलेल्या अंकात मधली दोन पानेच तेवढी सलग कागदाची असतात. ती न फाडता काढता येतात व भिंतीवर लावता येतात. म्हणून व्यापारी मासिक ती जागा नटाला किंवा गायकाला देते. आमच्या अंकात ती जागा मुलींनी मिळविलेल्या किंवा रचलेल्या एका गाण्याला द्यावी. गाणे वारली असो, मांगेली असो, भोजपुरी असो वा रेल्वेच्या डब्यात सुचलेले असो. ते मोठ्या टायपात छापावे आणि त्याखाली ज्या आजीने, मावशीने वा मैत्रिणीने ते दिले तिचे नाव, तिच्या संमतीने, घालावे.

दुसरे पान गाण्याच्या अर्थशास्त्राचे. चित्रपटातील एका गाण्यावर कवी, संगीतकार, वादक, गायक, ध्वनिमुद्रक असे किती हात राबतात आणि वाटा कोणाला मिळतो, हे मुलींना कळले पाहिजे. लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात गायकांच्या स्वामित्वधनाचा आग्रह धरला, आणि त्या वादापायी त्यांनी व महंमद रफी यांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले होते. पुढे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क कंपनीला लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली. ‘दीदींचा गोड गळा’ सर्वांना ठाऊक आहे. आपल्या श्रमाचा हिशेब मागणाऱ्या लताबाई मुलींना कोणी सांगितल्या नाहीत. आवडत्या गायिकेची हकिगत सांगता सांगता श्रम आणि मोबदला यांचा पहिला पाठ येथे देता येतो, आणि तो अभ्यासवर्गातील पाठापेक्षा अधिक काळ लक्षात राहील.

तिसरे, पत्रांचे सदर. ते असलेच पाहिजे, कारण मुलींना विचारावयाचे पुष्कळ असते आणि विचारावयाला जागा नसते. मात्र उत्तर देणाऱ्या बाईचे नाव खरे असावे. मासिक पाळी, अठरा वर्षांआधी ठरविलेले लग्न, फोटोवरून दिलेली धमकी यांवर उपदेश नको. कायदा काय म्हणतो, दवाखाना कोठे, १०९८ या क्रमांकावर कोणती मदत मिळते, हे सरळ सांगावे. प्रेमाविषयी प्रश्न आला तर दचकू नये. प्रेमगीत आवडणारी मुलगी बिघडलेली असते, हा समज आमच्याही कार्यकर्त्यांच्या मनात दडून असतो. तो काढून टाकावा लागेल.

चौथे, जाहिराती. त्या घेऊ नयेत. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द जाण्यास २०२० साल उजाडावे लागले. त्या पंचेचाळीस वर्षांत सावळ्या मुलींच्या मनात जे पेरले गेले ते नावाबरोबर गेलेले नाही. ज्याची जाहिरात छापाल त्याच्या मर्जीने मजकूर वाकतो. जाहिरात नसेल तर अंक लहान निघेल, निघू द्या. एका कागदाच्या घड्या घालून सोळा पाने होतात. शाळाशाळांतून हस्तलिखिते काढण्याची परंपरा आपल्याकडे आहे. एक प्रत हाताने लिहावी आणि बाकीच्या झेरॉक्स कराव्यात. त्याला भांडवलदार लागत नाही.

मोबाइलच्या काळात कागद कशाला, असा आक्षेप येईल. मोबाइल जरूर वापरावा. आजीचे गाणे ध्वनिमुद्रित करावयास त्यासारखे साधन नाही. परंतु कष्टकरी घरातील मोबाइल बहुधा बापाचा वा भावाचा असतो, मुलीला तो मागून घ्यावा लागतो. शिवाय तेथील मंच परक्याच्या मालकीचा. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलींचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. बंदीच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे नको. ज्या व्यासपीठाची किल्ली आपल्या हाती नाही त्यावर आपला आवाज सर्वस्वी अवलंबून ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. दप्तरातून दप्तरात जाणारा कागद कोणाला बंद करता येत नाही.

आता थोडे आत्मपरीक्षण. आमच्या परंपरेला गाण्याचे वावडे कधीच नव्हते. साने गुरुजींनी बायांच्या ओव्या आस्थेने गोळा करून ‘स्त्रीजीवन’मध्ये ग्रथित केल्या. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांसारखा कवी लिहीत होता आणि सुधा वर्दे यांच्यासारखी कलावती नाचत होती. प्रतिष्ठित घरे मुलींना रंगमंचावर पाठवावयास कचरत होती, त्या काळात मुलगे-मुली एका मंचावर आल्या. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले आणि सर्व जातींतील स्त्रियांना मागासांत गणले. इतका वारसा असताना आज आमच्या मेळाव्यांत मुलींच्या वाट्याला काय येते? स्वागतगीत. ते संपले की मुली खाली उतरतात आणि पुरुषांची भाषणे सुरू होतात. बाजार मुलीला गिऱ्हाईक समजतो, आणि आम्ही तिला कोरस समजतो. पहिल्याला शिव्या देण्याआधी दुसऱ्याची लाज वाटली पाहिजे.

यास्तव पालघर-बोईसर भागातील साथींना आमचे आवाहन आहे. पाममध्ये वेगवेगळ्या घरांतील दहा मुली एकत्र बसतील अशी जागा मिळवून द्या. शाळेचा वर्ग असो, समाजमंदिर असो वा एखाद्या चाळीचा ओटा असो. घरी जाऊन आयांशी बोला, त्यांचा विश्वास संपादन करा. संध्याकाळी परतताना सोबतीची व्यवस्था करा. कागद, शाई आणि झेरॉक्सचा खर्च वर्गणीतून उभा करा. त्यानंतर बाजूला व्हा. अंकाचे नाव मुली ठरवितील, संपादक त्या निवडतील, आणि मुखपृष्ठावर पक्षाचे नाव असणार नाही. त्यात आम्हांला न रुचणारे गाणे येईल, आमच्यावर टीकाही येईल. ती छापली गेली तर आपले काम योग्य मार्गाने चालले आहे असे समजावे.

३ जानेवारी हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस. येत्या ३ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालण्याबरोबर मुलींनी काढलेला पहिला सोळा पानी अंक पामच्या एखाद्या भिंतीवर लागावा आणि त्याच्या मधल्या पानांवरचे गाणे तेथेच, मुलींच्या तोंडून, ऐकावयास मिळावे. त्या दिवशी भाषण करू नये, पुढच्या रांगेत बसून ऐकावे, एवढीच आमच्या पुढाऱ्यांना विनंती आहे.