झीलकरी ही शिवी नव्हे

१/ निवडणुका जवळ आल्या की मराठी अग्रलेखांत एक शब्द हमखास उगवतो. अमुक नेता तमुकाची ‘झील ओढतो’, अमुक संपादक सत्तेचा ‘झीलकरी’ झाला. लिहिणाऱ्याला लाळघोटेपणा अभिप्रेत असतो आणि वाचणाराही तेवढेच समजून पुढे जातो. हे नाव ज्या गायकांचे, त्यांची आठवण दोघांपैकी कोणालाच होत नाही.

२/ झीलकरी म्हणजे पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून साथ करणारा गायक. शाहीर चौकातील एकेक ओळ वेगाने फेकत जातो. ओळ संपते तेथे झीलकरी तिचा अखेरचा स्वर उचलतात आणि ‘जी जी जी’ करीत चढ्या आवाजात लांबवतात. ही झील. तमाशाच्या फडात हेच काम करणारा तो सुरत्या.

३/ त्या दोन-चार क्षणांत काय काय घडते ते पाहावे. शाहिराला श्वास मिळतो. वीररसाच्या आवेशात त्याचा सूर सरकला असेल, तर तो तुणतुण्याच्या तारेवर परत आणला जातो. डफाची लय सांधली जाते. पुढची ओळ विसरली असेल तर आठवायला अवधी मिळतो, आणि प्रेक्षकांना तो विसरला होता हे कळतही नाही. शिवाय ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाण्यासाठी एका गळ्याला तीन-चार गळ्यांचा आधार लागेच.

४/ लाळघोट्या धन्याचे शब्द पुन्हा उच्चारतो. झीलकरी ध्रुपद पुन्हा म्हणतो हे खरे; पण झील ओढताना तो शब्द सोडून देतो आणि स्वर धरतो. म्हणजे ही उपमा संगीताच्या दृष्टीनेही चुकीची आहे. ‘जी’ हा होकार कानांवर पडला, आणि केवळ तेवढ्यावरून गायकाचा होयबा करण्यात आला असावा.

५/ यावर ठरलेले उत्तर असे की, भाषा जिवंत असते, शब्दांचे अर्थ बदलतात. बदलतात खरे. परंतु कोणाचे बदलतात? झील ओढणे, री ओढणे, पालुपद लावणे, तुणतुणे वाजवणे, टाळकुटेपणा करणे: साथीदाराच्या कामाचे जवळपास प्रत्येक नाव मराठीने कुचेष्टेसाठी राबवले. पुढे उभा राहणारा मात्र ‘शाहीर’ हे बिरुद नावामागे लावून मिरवू शकतो. याला अर्थाचा नैसर्गिक प्रवाह म्हणणे भाबडेपणाचे आहे. हा प्रतिष्ठेचा उतार आहे.

६/ साथीला कमी लेखणे ही महाराष्ट्राची फार जुनी रीत, असेही म्हणता येत नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. तो राजाच्या हिशेबखात्यातला अधिकारी. म्हणूनच की काय, त्याचे आकडे चोख असतात. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक असावेत, त्यांच्या दुप्पट म्हणजे ८ समगायन, १२ गायिका, ४ बासरीवादक आणि ४ मृदंगवादक, असे तो सांगतो.

७/ ‘समगायन’ हा शब्द आज अभ्यासकांखेरीज कोणाच्या तोंडी नाही. मुख्याबरोबर गाणाऱ्याला शार्ङ्गदेव ‘सम’ म्हणतो, हलका म्हणत नाही. वृंदाचे सहा गुण तो मोजतो. मुख्याचे अनुसरण हा त्यांतला एक. आणि एकाचे गाणे जेथे तुटेल तेथे दुसऱ्याने ते सावरून नेणे, हाही एक. पोवाड्याचा झीलकरी शतकानुशतके हेच करीत आला. राजसभेतला वृंद आणि गावचा फड एक नव्हेत, हे मान्य. काम मात्र तेच आहे.

८/ मग ही माणसे इतिहासातून गेली कोठे? ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, १९२८ मध्ये य. न. केळकरांचा ‘ऐतिहासिक पोवाडे’ आला. या मंडळींचे ऋण मोठे आहे. परंतु छापील पानावर रचना उतरते, झील उतरत नाही. फार तर ‘जी जी’ एवढी अक्षरे उरतात. पोवाडा वाचण्याची वस्तू झाला आणि अभ्यासकांना रचनाकार पुरेसा वाटू लागला.

९/ ‘होनाजी बाळा’ हे नाव पाहावे. होनाजी शिलारखाने रचत असे, बाळा कारंजकर गात असे. उत्तर पेशवाईतील फडाने गळ्याला लेखणीच्या शेजारी बसवले होते. आज कित्येकांना ते एकाच माणसाचे नाव वाटते!

१०/ खापरखेड्याची ओळख सांगायची तर औष्णिक वीज केंद्राची १३४० मेगावॉट क्षमता लगेच सांगितली जाते. त्याच नागपूर जिल्ह्यातील गावांत खडी गंमत अजून उभी राहते: डफ, तुणतुणे, पुढे शाहीर, मागे साथीदार. पत्रिकेवर शाहिराचे नाव असते, ‘आणि संच’ या दोन शब्दांत बाकी सारे येतात. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करताना कार्यक्रमांचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षे झील धरलेल्या माणसाने कोणता कागद जोडावा? ‘आणि संच’ म्हणजे तोच, हे त्याने कार्यालयातील खिडकीपाशी उभे राहून सिद्ध करायचे असते.