डिकीतला डग्गा

गेल्या वर्षी या सदरात आपण मिक्सरची मोटर उघडून बघितली होती. यंदा गाडीची डिकी उघडू या.

गोष्ट जूनमधली. आमच्या सतरा वर्षांच्या नातवाला पहिली गाडी मिळाली, जुनी होंडा फिट. त्याच आठवड्यात दारात दोन खोकी येऊन पडली. एकात दहा इंची सबवूफर, दुसऱ्यात चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर. "आजोबा, तुम्ही इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर ना? हेल्प करा." तीस वर्षं विद्यापीठात सर्किट शिकवलं, पण गाडीत कधी एक दिवासुद्धा बसवला नव्हता. तरी लगेच हो म्हणालो. हल्ली आमचं बोलणं फारसं होत नसे. तो काहीतरी सांगायचा, मी "काय म्हणालास?" विचारायचो आणि तो "नेव्हर माइंड" म्हणून फोनमध्ये डोकं घालायचा. हे निमित्त मी सोडणार नव्हतो.

पहिलं काम जुळणीचं. सबवूफरच्या खोक्यावर ठळक आकडा होता १००० वॅट. हा क्षणभराचा कमाल आकडा. त्याकडे दुर्लक्ष करावं. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सतत पेलवणारी शक्ती. तो निघाला २५०. ॲम्प्लिफायरचे मागचे दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे दोघांचा मिळून एक केला, तर तेही २५० वॅट देत होते. नातू खूश. पण नुसतं गोत्र बघून पत्रिका जुळत नाही. पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ब्रिज केल्यास किमान ४ ओहम. सबवूफरला होती ४ ओहमची दोन कॉइल्स. समांतर जोडली तर २ ओहम, एकसर जोडली तर ८. दोन ओहमवर ॲम्प्लिफायर तापून बंद पडणार, आठवर शक्ती जवळजवळ निम्मी होणार. त्याच्या हातात कागद दिला. दहा मिनिटांनी त्याने स्वतःच शोधलं की २ ओहमची दोन कॉइल्स असलेलं मॉडेल घेतलं आणि एकसर जोडलं, की बरोबर ४. खोकं परत गेलं, दुसरं आलं. ओहमचा नियम इतक्या आवडीने शिकणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला.

"गाडी इतकी छोटी, बेस येईल का?" ही त्याची पुढची शंका. उलट छोटी आहे म्हणूनच येतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. अख्खी गाडी चार मीटरची. लहर आत मावतच नाही, त्यामुळे सबवूफर सायकलच्या पंपासारखा आतल्या सगळ्या हवेचा दाब कमीजास्त करतो. म्हणून लहान गाडीत एक दहा इंची आणि कंपनीने सांगितलेल्या घनफळाची बंद पेटी पुरते.

मग वायरिंग. दारातले दोन स्पीकर धरून एकूण ४०० वॅट. ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीच्या बाजूने ५०० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला साधारण ३६ अँपिअर. गाण्यात सरासरी याहून खूप कमी लागते, पण वायर कमाल आकड्याला पुरणारी हवी. आम्ही ४ गेजची शुद्ध तांब्याची घेतली; स्वस्तातली वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण वायर सोडवायची. फ्यूज बॅटरीपासून १८ इंचांच्या आत बसवायचा. तो ॲम्प्लिफायरपेक्षा वायरच्या रक्षणासाठी असतो. इंजिनामागच्या पत्र्यातून वायर जिथे आत येते तिथे रबरी बुश हवंच. नाहीतर पत्र्याची कड वर्षभर वायर घासते आणि एक दिवस धूर निघतो. सिग्नलची वायर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायची.

गेनचा स्क्रू हा आवाजाचा स्क्रू नव्हे. तो स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी असतो. जास्त पिळला तर लहरींचे माथे कापले जातात आणि कॉइल जळते. आमचं गणित सोपं होतं. २५० गुणिले ४ म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. सबवूफर सोडवून ठेवला, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा सूर लावला आणि मल्टिमीटर ३१.६ व्होल्ट दाखवेपर्यंत गेन वाढवला. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर.

शेवटी सबवूफर जोडून इंजिन सुरू केलं. नातू म्हणाला, "आजोबा, हे काय वाजतंय?"

"काय?"

"ईईई असं. गॅस दिला की वर जातं."

मी दारातल्या स्पीकरला कान लावला. काहीच नाही. "काही वाजत नाहीये," मी ठामपणे सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "रिअली? खूप लाउड आहे."

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा सूर म्हणजे अल्टरनेटरचा आवाज, आणि त्याचं नेहमीचं कारण कच्चं ग्राउंड. ते काम माझ्याकडे होतं. डिकीतल्या बोल्टाखालचा रंग न खरवडताच मी वायर कसली होती. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडला, पुन्हा कसली. "गेलं!" नातू म्हणाला. मला आधीही शांतच होतं, नंतरही शांतच.

हत्यारं आवरताना त्याने हळूच विचारलं, "म्हणजे माझं बोलणंपण तुम्हाला येत नाही का ऐकू? मला वाटायचं तुम्ही लक्ष देत नाही." आणि मला वाटायचं की हा पुटपुटतो.

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या. म्हणून आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, आणि आपण समोरच्याला दोष देतो. तपासणी केली. दोन्ही कानांचा आलेख २००० हर्ट्झनंतर घसरगुंडीसारखा खाली. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. माझ्या वयाच्या वाचकांनो, घरचे पुटपुटू लागले असतील तर आधी आपले कान तपासून घ्या.

तरुण वाचकांसाठी दुसरी बाजू. ८५ डेसिबल आठ तास चालतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. हे नातवाला सांगितलं तेव्हा तो "नेव्हर माइंड" म्हणाला नाही. आवाजाच्या बटणाशेजारी त्याने पांढऱ्या रंगाची एक खूण केली आहे.

परवा त्या गाडीतून देवळात निघालो होतो. त्याने माझ्यासाठी तबला लावला. लहानपणी गणपतीच्या मंडपातल्या कर्ण्यातून तबल्याची नुसती टकटक यायची. डग्गा असा कधी ऐकूच आला नव्हता. इथे तो घुमत पाठीत उतरत होता. मी डोळे मिटून घेतले. मला झोप लागली असं समजून नातू मागे बसलेल्या आजीला कुजबुजला, "आजी, आजोबांना सांगू नको, पण मला आता बारा इंची हवाय."

"नको," मी म्हणालो, "फराळाचे डबे कुठे ठेवणार?"