एकशेसत्तरच्या आसपास

परवा कॉन्फ-कॉल लवकर संपला. (होतं असं. वर्षातून एकदा.) पलीकडे ब्रातिस्लाव्हातला आमचा क्लायंट. एरवी डेडलाइनशिवाय दुसरा शब्द नाही, पण त्या दिवशी गडी मूडमध्ये होता. विषय निघाला आइस हॉकीचा आणि पठ्ठ्या सुटलाच! झ्देनो खारा. त्यांचा देव.

आडनाव खारा, पण अमेरिकन लोक स्पेलिंग वाचून त्याला 'चारा' म्हणतात. आमच्या शिंदखेड्यात दोन्ही चाललं असतं. ट्रेंचिन नावाच्या गावातला हा पोरगा. उंची 206 सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात फूट. वडील पैलवान, 1976 च्या ऑलिम्पिकमध्ये कुस्ती खेळलेले. 1996 साली अमेरिकेतल्या क्लबांनी नवीन पोरं निवडली त्यात याचा नंबर छप्पन्नावा. तिथून 2006 मध्ये बोस्टनचा कॅप्टन, 2011 मध्ये स्टॅन्ली कप आणि 2022 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती. 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्येही गेला.

"1680 मॅचेस," क्लायंट म्हणाला, "209 गोल, 471 असिस्ट." सगळं तोंडपाठ. मग मला विचारलं, तुमच्याकडे हॉकीत कोण?

मी राहायला खडकीत. रूम घेतली तेव्हा ब्रोकरने पाण्याच्या आधी सांगितलं होतं, "धनराज पिल्लेचं गाव आहे साहेब!" त्यामुळे मी छाती फुगवून सुरू झालो. आमची हॉकी गवतावरची, आता टर्फवरची. पण हॉकी ती हॉकी. जन्म 1968, खडकी. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करणारे. तुटलेल्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन त्याच मैदानावर शिकलेला हा मुलगा डिसेंबर 1989 मध्ये भारताकडून खेळला आणि 2004 पर्यंत थांबला नाही. चार ऑलिम्पिक, चार वर्ल्डकप, चार एशियाड, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. 339 मॅचेस.

"ग्रेट! गोल किती?"

मी अडकलो. एका हाताने गुगल केलं. "अं... एकशेसत्तरच्या आसपास."

"आसपास?"

तर मंडळी, हे 'आसपास' तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. धनराजच्या गोलांचा अधिकृत आकडाच नाही. फेडरेशनने हिशेबच ठेवला नाही. जो 170 सांगतात तो त्याच्या स्वतःच्या आणि एका आकडेतज्ज्ञाच्या अंदाजावरचा. आपण इथे टाइमशीटमध्ये अर्ध्या तासाचा चहा कुठल्या कोडला टाकायचा यावर भांडतो. आणि पंधरा वर्षं देशासाठी पळणाऱ्या माणसाचे गोल कुणी वहीत टिपले नाहीत!

पुढचं तर आणखी भारी. डिसेंबर 1998, बँकॉक एशियाड. धनराज कॅप्टन. फायनलला समोर दक्षिण कोरिया. मॅच टायब्रेकरवर गेली आणि 32 वर्षांनी हॉकीचं सोनं आलं. तुमच्या-माझ्या ऑफिसात असा प्रोजेक्ट डिलिव्हर झाला तर निदान पिझ्झा तरी येतो. इथे काय आलं? पुढच्या टीममध्ये धनराजचं नावच नाही. त्याला आणि सहा सीनियर्सना 'विश्रांती' दिली म्हणे. खेळाडूंनी मानधनाबद्दल, मॅच फीबद्दल तोंड उघडलं होतं, त्याचा हा अप्रेजल असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. नंतर टीममध्ये परत आला, 2002 मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत सर्वोत्तम खेळाडू ठरला, 2003 मध्ये आशिया कप जिंकून दिला. खेलरत्न आणि पद्मश्रीही मिळाली. ते मात्र नीट नोंदलेलं आहे.

आणि पोट? आधी महिंद्र, मग इंडियन एअरलाइन्स. शिवाय परदेशी क्लब: लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्सचं लियाँ, जर्मनीचं स्टुटगार्ट, मलेशिया, ढाक्याचं अबाहनी. आपल्याला एक ऑनसाइट मिळालं की आपण गावभर पेढे वाटतो. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत पुन्हा उतरला तेव्हा वय 43. खाराच्या जवळपासच की! फक्त खाराचा प्रत्येक मिनिट कुणीतरी मोजत होतं.

हे सगळं तुम्हाला आत्ता सांगायचं कारण वेगळंच. त्याच रात्री शिंदखेड्याहून फोन आला. नाना, म्हणजे माझे काका. सुरुवात नेहमीसारखी, थंडी किती, कापूस किती. मग मुद्दा. "पोऱ्याले जरासं समजाड." पोऱ्या म्हणजे माझा चुलतभाऊ, वय एकोणीस, कबड्डीत रेडर. दोंडाईचा, शिरपूर, धुळे, जिथे मॅट पडेल तिथे हा हजर. प्रो कबड्डीचा लिलाव पाहिल्यापासून अभ्यासाच्या पुस्तकावर धूळ. नानांचं म्हणणं, पोलीस भरतीची तयारी करावी, निदान दुकानात बसावं. मग फोन त्याच्या हातात गेला आणि त्याने थेट विचारलं, "दादा, खेळीसन पोट भरस का?"

काय सांगणार? हो म्हणावं तर नाना मला घरात घेणार नाहीत. नाही म्हणावं तर खोटं, आणि हा पोरगा मला आयुष्यभर माफ करणार नाही. मी सॅलरी स्लिपवाला माणूस, मला त्यातलं कळतं किती?

मी विचारलं, "आतापर्यंत मॅचेस किती खेळलास?"

"खूप."

"खूप म्हणजे?"

"चाळीस-पन्नास. आसपास."

पुन्हा तेच! सर्टिफिकेट किती? तीन होती, एक पावसात भिजलं, एक आयोजकांनी "देतो देतो" म्हणून दिलंच नाही. आता सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण पडताळणीत कागद लागतो. तिथे 'आसपास' चालत नाही. नानांना जी पोलीस भरती हवी आहे तिलाही हाच कागद लागेल, हे मी सांगितल्यावर पलीकडे नाना बराच वेळ गप्प. म्हटलं, वर्षभर खेळू द्या त्याला, सकाळी दुकानात बसेल. आणि त्याला म्हटलं, उद्या शंभर पानी वही आण. तारीख, गाव, समोरची टीम, रेड किती, पॉइंट किती, सगळं लिही. सर्टिफिकेट लॅमिनेट कर. नाही मिळालं तर तिथून हलू नकोस.

तो "हाव" म्हणाला. एकोणिसाव्या वर्षीच्या 'हाव'वर मी फार विश्वास ठेवत नाही.

रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला. वहीचं पहिलं पान, स्केलने आखलेलं. शिरपूर. रेड 14. पॉइंट 6. आउट 3. शेवटच्या रकान्याला त्याने 'इतर' असं नाव दिलंय. त्यात लिहिलंय: गुडघा फुटना. पण जिकनूत.