नवीन छोटा हत्ती चालवून बघितला. बुकिंग का नाही केलं ते सांगतो



"सर, धंद्यासाठी गाडी घेऊ का?" प्रत्येक बॅचमध्ये दोघं-तिघं तरी हा प्रश्न विचारतातच. गेल्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारला. ताईंचा हडपसरला इडली-डोशाच्या पिठाचा धंदा आहे. पहाटे हॉटेलांना माल पोहोचवायचा असतो आणि त्यासाठी त्या भाड्याचा टेम्पो लावतात. मी म्हटलं, चला, आधी चालवून तर बघू. मग आम्ही टाटा एस प्रोची टेस्ट ड्राइव्ह घेतली. गाडी तुम्ही व्हिडिओत बघितलीच असेल. त्यात जे गणित मावलं नाही, ते इथे मांडतो.

माझं मत आधीच सांगतो. गाडी आवडणं आणि गाडी परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोरूमच्या दहा मिनिटांच्या चकरेत फक्त पहिली कळते.

आधी गाडीबद्दल

२००५ मध्ये टाटा एस आली आणि बघता बघता गावोगावी तिचं नाव 'छोटा हत्ती' पडलं. तीनचाकी टेम्पोवाल्याला चार चाकं परवडू लागली ती या गाडीमुळे. एस प्रो तिच्याच घरातली, जून २०२५ मध्ये आलेली. तेव्हा किंमत ३.९९ लाखांपासून सुरू होत होती, एक्स-शोरूम. पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशा तीन प्रकारांत मिळते. आम्ही पेट्रोलची चालवली. ६९४ सीसीचं दोन सिलेंडरचं इंजिन, ३० हॉर्सपॉवर, ७५० किलो वजन न्यायची क्षमता आणि मागे साडेसहा फुटांचा हौदा.

पहिली चकर रिकाम्या गाडीची. गाडी लहान असल्यामुळे गल्लीत सहज वळते. समोरचा रस्ता जवळून दिसतो, म्हणून नव्या ड्रायव्हरलाही धास्ती वाटू नये. दोन सिलेंडरचं इंजिन म्हणजे आवाज आणि थोडी थरथर आलीच, पण मालवाहू गाडीत बसून कारची अपेक्षा ठेवायची नसते. खड्ड्यात मागचा भाग उडतो. तेही कुठल्याही रिकाम्या मालगाडीत होतंच, कारण तिचं सस्पेन्शन वजन पेलायला बनवलेलं असतं.

ताई खूश! "सर, चालवायला किती सोपी आहे हो!"

मी सेल्समनला म्हटलं, "आता माल भरून न्यायची आहे." तो जरा बघतच राहिला. मॅनेजरला फोन झाला, परवानगी मिळाली. मित्रांनो, हे तुम्हीही नक्की मागा. फार तर नाही म्हणतील. पण तुम्हाला गाडी रोज भरलेली चालवायची आहे, मग रिकामी चालवून काय कळणार?

माल भरल्यावर काय दिसलं

ताईंचे ३० क्रेट भरले. एकेक २० किलोचा, म्हणजे ६०० किलो. क्रेट दोन फुटी असल्यामुळे हौद्याच्या लांबीत तीन बसले आणि अर्धा फूट उरला. हे आम्ही टेप लावून मोजलं. तुमचा माल चिवडा-फरसाणासारखा हलका आणि फुगीर असेल तर गणित उलटं होतं. हौदा शिगोशीग भरेल, पण वजन २०० किलोच्याही आत राहील. अशा मालाला ७५० किलोची क्षमता काय कामाची? त्याला जागा लागते. म्हणून शोरूमला जाताना स्वतःचा क्रेट आणि मोजायचा टेप बरोबर ठेवा.

मग निघालो दिवे घाटाकडे, कारण ताईंची चार गिऱ्हाइकं सासवडला आहेत. सपाट रस्त्यावर भरलेली गाडी रिकामीपेक्षा शांत चालली, उडणं बंद झालं. घाट लागला तसा गिअर खाली आणावा लागला आणि बराचसा चढ आम्ही सावकाश, एका लयीत चढलो. हा गाडीचा दोष नाही. ३० हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडून ६०० किलो घेऊन घाट चढताना यापेक्षा जास्त मागू नये. शहरातल्या फेऱ्यांसाठी ही गाडी मला पसंत पडली. रोज दोनदा घाट असेल, तर मी मोठ्या इंजिनाची गाडीही चालवून बघेन आणि मगच ठरवेन.

आणखी एक गोष्ट घाटाच्या पायथ्याशी लक्षात आली. उन्हात उभी राहिलो तर पिठाला फेस! उघडा हौदा ताईंच्या कामाचा नाही, बंद डबा बसवावा लागणार. त्या डब्याचे पैसे वेगळे आणि त्याचं वजन ७५० किलोमधून वजा. शोरूमच्या कोटेशनमध्ये हे दोन्ही नव्हतं. असणार तरी कसं? आपला धंदा आपणच ओळखायचा.

आता कागद-पेन घ्या

चहाच्या टपरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. हे आकडे ताईंच्या धंद्यासाठी आम्ही धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

- ४ लाख कर्ज, १२ टक्के व्याज, ४ वर्षं : हप्ता साधारण १०,५०० रुपये
- विमा वर्षाला ३०,००० धरला : महिन्याला २,५००
- ड्रायव्हर : १५,०००
- सर्व्हिसिंग, टायर, दुरुस्तीसाठी बाजूला : ३,०००
- पार्किंग आणि किरकोळ : १,०००

एकूण झाले ३२,००० रुपये. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर दिवसाला १,२८०. गाडी दारात उभी असली तरी हा खर्च चालूच. त्यात इंधन घाला. रोज ६० किलोमीटर, भरलेल्या गाडीला लिटरमागे १८ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ३५० रुपये. म्हणजे दिवसाला १,६३०. बंद डब्याचे पैसे यात अजून धरलेलेच नाहीत.

ताई आज भाड्याच्या टेम्पोला फेरीमागे ७०० रुपये देतात. रोज एक फेरी, शनिवार-रविवारी दोन. आता बोला! ७०० रुपयांचं काम करायला १,६३० रुपयांची गाडी?

रोजच्या तीन फेऱ्या झाल्या तर भाड्याचे २,१०० वाचतात आणि स्वतःची गाडी फायद्यात येते. दोन फेऱ्यांवर येत नाही. "मग मीच चालवते," ताई म्हणाल्या. चालवा ना. साध्या कारच्या लायसन्सवर चालते. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेच स्पष्ट केलं आहे. पण ड्रायव्हरचे १५,००० वाचवायला तुम्ही पहाटे चारला स्टिअरिंगवर बसलात, तर पीठ कोण दळणार आणि नवीन हॉटेलांकडे ऑर्डर मागायला कोण जाणार?

हे मी इतकं का ताणतोय?

कारण ही चूक मी केलेली आहे. माझी फरसाण आणि बेकरी मालाची एजन्सी होती. धंदा बरा चालला होता आणि मला सेकंडहँड टेम्पो घ्यायची हौस आली. नारळ फोडला, हार घातला, काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहून घेतलं. माल घ्यायला ठेवलेले पैसे डाऊन पेमेंटला घातले. मग झालं काय, की गाडी दारात आणि गोडाऊन रिकामं. दुकानदार माल मागायचे आणि माझ्याकडे माल भरायला पैसा नसायचा. चौदा महिन्यांनी हप्ते फेडायला टेम्पो विकला आणि त्यानंतर एजन्सीही टिकली नाही. गाडीत काही खोट नव्हती. गाडी घेण्याइतका माझा धंदाच वाढलेला नव्हता. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे आजही आठवतं.

मग गाडी कधी घ्यायची?

एक, तीन महिने भाड्याच्या प्रत्येक फेरीची वहीत नोंद करा. तारीख, किलोमीटर, वजन, दिलेले पैसे. ही वही म्हणजेच तुमची खरी टेस्ट ड्राइव्ह.

दोन, परतीच्या रिकाम्या फेरीला भाडं मिळेल का ते गाडी घेण्याआधी विचारून ठेवा. 'मिळेल की' असं धरून चालू नका.

तीन, डाऊन पेमेंट खेळत्या भांडवलातून कधीच काढू नका. माल भरायचे पैसे बाजूला ठेवून जे उरतं, त्यातूनच गाडी.

चार, टॅक्स समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तुमचा जीएसटी नंबर नियमित प्रकारातला असेल तर गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे घेता येतं, कंपोझिशनमध्ये असाल तर येत नाही. बुकिंगच्या आधी सीएंना भेटा, नंतर नाही.

पाच, ओव्हरलोडचं गणित मांडूच नका. 'एवढं तर सगळेच भरतात' म्हणणाऱ्याला सांगा, मोटार वाहन कायद्यात त्याला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा टनामागे २,००० वेगळे. महिन्याची सगळी कमाई एका नाक्यावर जाईल.

ज्यांच्या वहीत रोजच्या तीन फेऱ्या आधीच दिसतायत, त्यांनी मात्र उगाच घाबरून बसू नये. भाड्याच्या टेम्पोची वाट बघत गिऱ्हाईक घालवणं हाही तोटाच आहे. त्यांनी खुशाल जावं, दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या माल भरून चालवाव्यात आणि घ्यावी.

ताईंनी त्या दिवशी बुकिंग केलं नाही. सेल्समन पोराचा चेहरा पडला. मी त्याला म्हटलं, "नंबर ठेव, ताई परत येणार आहेत." ताईंनी टेम्पोवाल्या दादांशी बोलून महिन्याचा ठराव केला आणि फेरी ७०० वरून ६०० वर आणली. वाचलेल्या पैशात त्या आता आणखी क्रेट घेतायत. वहीचं पहिलं पान परवा मला फोटो काढून पाठवलं.

तुमची वही आजपासून सुरू करा. पहिल्या आठवड्याचे आकडे खाली लिहा, आपण एकत्र बसून गणित मांडू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण हिशेबाने!