संगणकाचे रखवालदार आणि त्यांचे मालक

संगणक मंदावला की पडद्यावर एक चौकट झळकते: अमुक इतके धोके आढळले, तमुक इतका कचरा साठला, तातडीने साफसफाई करा. तपासणी विनामूल्य झालेली असते; सफाईसाठी मात्र पैसे भरावे लागतात. हा अनुभव आता केवळ श्रीमंतांच्या घरातला राहिलेला नाही. आपल्या अनेक सभासदांच्या घरी आणि शाखांच्या कचेऱ्यांत संगणक आहे, आणि त्यात सभासदांच्या याद्या, कामगार संघटनांचा पत्रव्यवहार, न्यायालयीन दाव्यांचे कागद असे बरेच काही असते. म्हणूनच अशा सफाई करणाऱ्या आणि राखण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर कितपत विसंबावे, हा प्रश्न दुकानदाराच्या किंवा दुरुस्तीवाल्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. माझे मत असे की, सफाईचे सॉफ्टवेअर बिनदिक्कत काढून टाकावे आणि राखणीचे सॉफ्टवेअर ठेवावे. परंतु ते कोणाचे आहे आणि त्याला आपण कोणते अधिकार बहाल करतो, हे जाणून ठेवावे.

प्रथम सफाईचा धंदा पाहू. अमेरिकेतील ऑफिस डेपो या बड्या दुकान-साखळीत ग्राहकाच्या संगणकाची ‘आरोग्य तपासणी’ मोफत करून मिळत असे. तपासणी सुरू करण्यापूर्वी चार प्रश्न विचारले जात: संगणक हळू चालतो का, वारंवार बंद पडतो का, विषाणूच्या सूचना येतात का, जाहिराती उसळतात का. यांपैकी एकाही प्रश्नाला ग्राहकाने ‘होय’ म्हटले की यंत्रात काहीही असो वा नसो, रोगाची लक्षणे आढळल्याचा निष्कर्ष ठरलेला. मग शेकडो डॉलरांची दुरुस्ती गळ्यात मारली जाई. २००९ पासून २०१६ पर्यंत हे चालले. अखेरीस २०१९ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑफिस डेपो आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघांकडून मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर वसूल केले. वैद्याने रोग्याची नाडी न पाहता त्याच्याच तोंडचे गाऱ्हाणे औषधाच्या चिठ्ठीवर उतरवून द्यावे, तसा हा प्रकार होता. भांडवलशाही बाजारपेठेत गरज निर्माण करून मग माल विकतात हे आपण नेहमी म्हणतो. येथे रोगच निर्माण केलेला होता.

यात शब्दांचा वाटा मोठा आहे. दिवसभर एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत आणणाऱ्याला ही गोष्ट विशेष खटकते. एखाद्या संकेतस्थळाने आपली खूण म्हणून संगणकावर ठेवलेल्या ‘कुकी’ नावाच्या लहानशा नोंदीलाही ही सॉफ्टवेअरे ‘धोका’ म्हणून मोजतात, आणि अशा पाचशे नोंदी झाल्या की पाचशे धोके! विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ नामक नोंदवहीत काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही मृत ओळी उरतात. त्यांनाही ‘चुका’ म्हणतात. लाखो नोंदींच्या वहीतून शंभर ओळी खोडल्याने यंत्र वेगवान होत नाही. उलट चुकीची ओळ खोडली गेली तर चालू प्रोग्रॅम बंद पडतो. अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे. इतकेच नव्हे, तर अतिशयोक्त इशाऱ्यांनी घाबरवून पैसे उकळणाऱ्या सफाई-सॉफ्टवेअरला मार्च २०१८ पासून विंडोजचा स्वतःचा रक्षक नको असलेले सॉफ्टवेअर म्हणून बाजूला काढू लागला. यंत्र मंदावते ते बहुधा कमी स्मृती, जुनी फिरती डिस्क, साठलेली धूळ आणि सुरू होताच आपोआप चालू होणारे डझनभर प्रोग्रॅम यांमुळे. तात्पुरत्या फायली काढायच्याच असतील, तर त्याची सोय विंडोजमध्ये मुळातच आहे.

प्रामाणिक सफाईवालाही निर्धोक असतो असे नव्हे. सीक्लीनर हे या जातीतील सर्वांत लोकप्रिय सॉफ्टवेअर. लंडनच्या पिरिफॉर्म कंपनीने ते तयार केले आणि २०१७ च्या जुलैत अवास्ट या चेक कंपनीने पिरिफॉर्म विकत घेतली. त्याच ऑगस्टमध्ये सीक्लीनरची जी नवी आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरून, कंपनीच्या खऱ्याखुऱ्या डिजिटल स्वाक्षरीनिशी वितरित झाली, तिच्यात घुसखोरांनी आपले विष कालवलेले होते. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती बसवली गेली. घुसखोरांचा डोळा प्रत्यक्षात होता तो काही बड्या तंत्रज्ञान-कंपन्यांवर आणि पुढचा हल्ला त्यांनी सुमारे ४० यंत्रांवरच केला. परंतु घरोघरच्या लाखो लोकांनी तो दरवाजा स्वतःच्या हातांनी उघडून दिला होता, आणि तोही स्वच्छतेच्या नावाखाली.

आता रखवालदारांकडे वळू. राखणीच्या सॉफ्टवेअरला आपले काम करण्यासाठी प्रत्येक फाइल वाचण्याचा, प्रत्येक जोडणी न्याहाळण्याचा, हवे ते अडवण्याचा आणि स्वतःला हवे तेव्हा बदलण्याचा अधिकार लागतो. गावच्या पाटलालाही इतका अधिकार नसे! हा अधिकार कसा वापरला गेला, याचा पुरावा अवास्टनेच पुरवला. या कंपनीने जम्पशॉट नावाची, मुळात याच धंद्यातील एक छोटी कंपनी विकत घेतली आणि तिचे रूपांतर माहिती विकणाऱ्या पेढीत केले. अवास्टचा अँटीव्हायरस वापरणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय पाहिले, याची माहिती २०१४ पासून २०२० पर्यंत शंभरांहून अधिक गिऱ्हाइकांना विकली गेली. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघडकीस आणल्यावर जम्पशॉटला टाळे लागले, आणि २०२४ मध्ये संघीय व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड केला. अशा माहितीवरून माणसाचा धर्म, आजार आणि राजकीय कल ओळखता येतो, असे आयोगाने म्हटले आहे. राजकीय कल! ‘तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना आम्ही अडवतो’ असे सांगून ज्यांनी सॉफ्टवेअर दिले, तेच पाळतीचे ठोक व्यापारी निघाले.

मग अवास्ट सोडून दुसरे घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु दुसरे म्हणजे कोणते? एव्हीजी २०१६ मध्येच अवास्टच्या पोटात गेले. ॲव्हिरा नॉर्टनने घेतले, आणि २०२२ मध्ये नॉर्टनच्या कंपनीने खुद्द अवास्टच गिळली. आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, ॲव्हिरा आणि सीक्लीनर ही पाचही नावे जेन डिजिटल या एकाच अमेरिकन कंपनीची आहेत. दुकानात पाच डबे मांडलेले, गल्ला एकच. भांडवलाच्या केंद्रीकरणाचे याहून सुबक उदाहरण अभ्यासवर्गासाठी शोधूनही सापडणार नाही. याच नॉर्टनने २०२१ मध्ये आपल्या अँटीव्हायरसबरोबर आभासी चलन निर्माण करण्याचे यंत्र जोडून दिले: ग्राहकाने संमती दिल्यास वीज ग्राहकाची, संगणक ग्राहकाचा आणि कंपनीचा वाटा १५ टक्के.

कॅस्परस्की या रशियन कंपनीचे प्रकरण याहून बोलके आहे. २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. त्या बंदीमागच्या साम्राज्यवादी राजकारणाविषयी आपल्या मनात शंका असण्याचे कारण नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. सप्टेंबरमध्ये अनेक अमेरिकन ग्राहकांना एके सकाळी असे दिसले की कॅस्परस्की नाहीसे झाले आहे आणि त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचे दुसरेच सॉफ्टवेअर येऊन बसले आहे. जुन्या रखवालदाराने नव्याला घराची किल्ली परस्पर दिली. घरमालकाला कळले ते नंतर.

यावरून ‘हे सारे थोतांड आहे, कशालाच हात लावू नये’ असा निष्कर्ष काढणारेही काही कॉम्रेड आहेत. ते साफ चूक आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम ठप्प केले. ज्या छिद्रातून ते शिरले, त्याचा उपयोग करणारे हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने स्वतः बनवले होते आणि ते तिच्याकडून चोरीला गेले होते. पण ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, हेही विसरता कामा नये. ज्यांनी ती बसवली ते वाचले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा रक्षक विंडोजमध्ये अंगभूत आहे. सामान्य घरगुती वापरासाठी तो अद्ययावत असला की पुरेसा आहे; वरून पैसे मोजून दुसरा आणण्याची निकड नाही.

आपल्यासाठी मात्र ‘सामान्य वापर’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी करून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला. २०१६ मध्ये एका ई-मेलला जोडलेल्या फाइलमधून नेटवायर हे सॉफ्टवेअर त्यांच्या यंत्रात शिरले, बावीस महिन्यांहून अधिक काळ ते यंत्र परक्याच्या ताब्यात होते आणि ज्यांच्या आधारे आरोप ठेवले गेले ती पत्रे बाहेरून पेरली गेली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. कार्यकर्त्याला धोका कुठून येतो हे त्यावरून समजावे. तो पडद्यावरच्या लाल चौकटीतून येत नाही. ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेल्या, उघडाव्याशा वाटणाऱ्या कागदातून येतो. अशा कागदाविषयी पाठवणाऱ्याला दूरध्वनीवरून विचारून घेणे, हे काम कोणतेही सॉफ्टवेअर आपल्या वतीने करणार नाही.

‘मग देशी का घेऊ नये?’ असाही प्रश्न येतो. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानातून क्विक हील उभी राहिली, ही अभिमानास्पद गोष्ट खरीच. पण भांडवल देशी आहे एवढ्यावरून त्याची बांधिलकी ठरत नाही, हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. यंत्रात खरोखर काही शिरल्याची शंका आलीच, तर केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत विषाणू काढण्याची साधने विनामूल्य देण्यात आली आहेत. त्यात क्विक हीलचाही सहभाग आहे.

राहता राहिली मायक्रोसॉफ्ट. तिच्या अंगभूत रक्षकावर विसंबणे म्हणजे एका मक्तेदाराऐवजी दुसऱ्याच्या आश्रयाला जाणे होय, ही टीका रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपवला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका फर्मानाने भंगारात काढण्याजोगी ठरवली. आपल्या कचेऱ्यांतली बरीच यंत्रे याच जातीची आहेत. ती फेकू नयेत. केरळच्या शाळांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि २००६ मध्ये आलेल्या व्ही. एस. अच्युतानंदन यांच्या सरकारने तो नेटाने पुढे नेला. तिथली मुले लिनक्सवर शिकली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही बॉस ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे. जुन्या यंत्रावर लिनक्स बसवले तर सफाईवाल्यांचा आणि घरगुती रखवालदारांचा बहुतेक बाजार आपोआप बंद पडतो.

अडचण एकच, आणि ती आपल्या घरची आहे. आपला बराच जुना मजकूर श्रीलिपीसारख्या, विंडोजवर चालणाऱ्या आणि युनिकोडपूर्व सांकेतिकांत अडकलेला आहे. ज्या कचेऱ्यांत तो अजून लागतो त्या विंडोज सोडायला धजत नाहीत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम राज्य समित्यांनी हाती घ्यावे आणि संपादक मंडळाने निदान नवा मजकूर तरी युनिकोडमध्येच स्वीकारावा, अशी माझी सूचना आहे.