उत्तर घरातच होतं



देशातून पाहुणे आले की आम्ही सिअ‍ॅटलकर त्यांना स्नोक्वाल्मीचा धबधबा दाखवतोच. आय-९० वरून अर्धा-पाऊण तास, २६८ फुटांवरून कोसळणारं पाणी, फोटो, आणि परत. यंदाच्या पाहुण्यांना मी उत्साहाने म्हटलं, "हा 'ट्विन पीक्स'चा धबधबा!" कोणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग नॉर्थ बेंडच्या त्या प्रसिद्ध कॅफेत चेरी पाय खाता खाता सगळी कथा सांगावी लागली. सांगून झाल्यावर मावशींनी एकच विचारलं, "पण पोरीला मारलं कोणी?" आणि मी उत्तर द्यायला अडखळलो. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं, नंतर तक्रार चालणार नाही.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका एबीसीवर ८ एप्रिल १९९० ला सुरू झाली. लॉरा पामर नावाच्या शाळकरी मुलीचं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत पाण्याकाठी सापडतं आणि एफबीआयचा एजंट कूपर तपासाला येतो. इतपत सरळ. पुढे मात्र लाल पडद्यांची खोली, उलटं बोलणारा बुटका, लाकडाचा ओंडका कडेवर घेऊन फिरणारी बाई, घुबडं, आणि बॉब नावाचा लांब केसांचा भयानक इसम.

मी त्याच ऑगस्टात एमएस करायला इथे आलो. गाडी नाही, पैसे नाहीत, आणि दुसरा सीझन लागायचा शनिवारी रात्री दहाला. म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच! शेजारच्या अमेरिकन मुलाकडे व्हीसीआर होता, त्याने पहिला सीझन टेप केला होता. आम्ही तीन देसी, तो, आणि आमच्या एका सीनियरची बायको. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. मोठ्या पातेल्यात खिचडी, आणि मग थिअर्‍या. नारायण धारप आणि मतकरींच्या गूढकथांवर वाढलेले आम्ही, कल्पनेला काय तोटा! माझा संशय हॉटेलवाल्या बेन हॉर्नवर. रूममेटचं म्हणणं, कूपर स्वतःच खुनी आहे आणि त्याला ते माहीत नाही. तेलुगू मित्राने तर घुबडांचा तक्ताच केला होता. टेप थांबवून, मागे नेऊन, एकेक फ्रेम बघायचो.

(बॉबची गंमत नंतर कळली. तो नट मुळात सेटवरचं सामान लावणारा माणूस, फ्रँक सिल्वा. एका शॉटमध्ये चुकून आरशात दिसला, आणि लिंचने ती चूकच ठेवून दिली. आम्ही त्या चेहऱ्याचे कितीतरी गूढार्थ लावले होते.)

वहिनी फारसं बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "बाप आहे." आम्ही हसलो. मुलगी गेल्यावर धाय मोकलून रडणारा, एका रात्रीत केस पांढरे झालेला लीलंड पामर? त्या म्हणाल्या, "बायको त्याच्याकडे कशी बघते ते बघा." आम्ही पुन्हा घुबडांकडे वळलो.

१० नोव्हेंबर १९९० च्या भागात उलगडा झाला. बापच होता. आरशात बॉब दिसत होता, पण हात बापाचे होते.

लिंचला हा उलगडा करायचाच नव्हता, चॅनेलने भाग पाडलं, आणि तिथेच मालिका संपली असं तो पुढे कायम सांगत राहिला. बहुतेक चाहते यावर मान डोलावतात: रहस्य फुटलं आणि मजा गेली. मला हे पटत नाही. मजा गेली हे खरं, पण ती आमची मजा होती. लॉरासाठी ते रहस्य कधीच नव्हतं. लिंचच्या मुलीने, जेनिफरने लिहिलेली 'लॉराची गुप्त डायरी' त्या उलगड्याच्या आधीच पुस्तकांच्या दुकानांत आली होती. वयाच्या बाराव्या वर्षापासून बॉब तिचं काय करत होता ते तीत लिहिलेलं होतं. लोकांनी ती 'क्लू'साठी वाचली. एका मुलीच्या यातना, आणि आपण त्यात नकाशे शोधतोय!

लीलंडच्या मृत्यूनंतर मालिकेतच एक प्रसंग आहे. शेरीफला हे भुताचं प्रकरण पचत नाही. कूपर त्याला विचारतो, बापाने स्वतःच्या मुलीवर हे केलं, हे मानणं जास्त सोपं आहे का? माझ्या मते सगळ्या मालिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. १९९२ साली लिंचने 'फायर वॉक विथ मी' काढला तेव्हा चाहत्यांना कूपरचं पुढे काय झालं ते हवं होतं. त्याने लॉराचे शेवटचे सात दिवस दाखवले, तिच्या बाजूने. सिनेमा आपटला. टीकाकारांनी धुतला. आज तेच लोक त्याला श्रेष्ठ म्हणतात, असो.

२०१७ च्या तिसऱ्या सीझनमध्ये कूपर भूतकाळात जाऊन तिला वाचवायला बघतो, आणि शेवटी त्याच पामर घरासमोर येऊन उभा राहतो. (ते घर आमच्या इथे एव्हरेटला आहे, दार उघडणारी बाई घराची खरी मालकीण.) ती किंचाळते, दिवे जातात, संपलं. शेवटचे दोन भाग एकाच वेळी शेजारी-शेजारी लावून बघा म्हणजे अर्थ लागेल, अशीही एक थिअरी आहे. मी लावून बघितले. चार तास मजेत गेले, खोटं कशाला बोलू.

थिअर्‍यांना माझा विरोध नाही. पण आपल्यात ही सवय टीव्हीपुरती राहत नाही. लहानपणी कोकणात आमच्या वाडीतल्या एका सुनेला 'बाधा' झाली होती. झाड कोणतं, अमावस्या कोणती, यावर गावभर चर्चा. तिच्या पाठीवरचे वळ नदीवर कपडे धुणाऱ्या सगळ्याजणींनी पाहिले होते. इथेही तेच. कोणाची बायको दिवाळीच्या कार्यक्रमाला यायची बंद झाली की मंडळात थिअर्‍या सुरू: व्हिसाचं टेन्शन, होमसिक असेल, स्वभावच तसा. घराचं दार वाजवायचं मात्र कोणाला सुचत नाही. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ साली निघाली, बे एरियात 'मैत्री' १९९१ साली, आमच्याकडे 'छाया' १९९६ साली. आपल्याकडे असलं काही नसतं, हे वाक्य त्या काळातही सर्रास ऐकू यायचं.

वहिनींनी पुढे बरीच वर्षं अशाच एका ठिकाणी फोनवर बसायचं काम केलं. त्यांना तेव्हा कसं कळलं होतं, हे मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत लिंच गेला तेव्हा त्यांचा फोन आला. पहिला भाग पुन्हा लावलाय म्हणाल्या. मीही लावला, पण या वेळी फक्त आईकडे बघत बसलो. सगळं तिथेच होतं हो, पहिल्याच भागात.

तुमच्यापैकी कोणी ९० साली बघत होतं का? कोणावर संशय होता? खरं सांगा.

चू. भू. द्या. घ्या.