होडी कुठं उभी करायची?

कोपरखैरण्यात संध्याकाळी सात नंतर चारचाकी घेऊन या, म्हणजे पार्किंग काय चीज आहे ते कळेल. सेक्टरांमधल्या बैठ्या घरांवर मजले चढले, गल्ल्या मात्र आहेत तेवढ्याच राहिल्या. रोज भांडणं होतात, कुणी कुंड्या ठेवून जागा अडवतं, कुणी रात्री टायरमधली हवा सोडतं. या विषयावर आपल्याकडे सभा होतात, निवेदनं दिली जातात, निवडणुकीत आश्वासनंही मिळतात. पण याच गावाच्या पश्चिमेला खाडी आहे आणि त्या खाडीत होड्या आहेत. त्या होड्या कुठं उभ्या राहतात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

परदेशात हौशी लोकांकडे होड्या असतात. तिथं हा प्रश्न पैशाचा आणि सोयीचा असतो. एक पर्याय असा की होडी मरीनामध्ये, तरंगत्या लाकडी धक्क्याला बांधून पाण्यातच ठेवायची. मनात आलं की दोर सोडून निघायचं. दुसरा पर्याय म्हणजे मोठ्या शेडमध्ये लोखंडी मांडण्या, किराणा दुकानात डबे लावतात तशा एकावर एक होड्या. निघायच्या आधी कळवायचं, मग फोर्कलिफ्टवाला तुमची होडी उचलून पाण्यात सोडतो. पाण्यातली जागा सोयीची पण होडीला मारक. मांडणीवरची जागा होडीला चांगली, पण दर वेळी दुसऱ्यावर अवलंबून. शिवाय मांडणीवर लहान होड्याच बसतात.

पाण्यात उभी होडी का खराब होते, हे कोळ्यांना आणि कोकणातल्या दालदी मुसलमानांना कुणी शिकवायला नको. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या भागावर काही आठवड्यांतच शेवाळ आणि कवचवाले जीव बसू लागतात. तळ खरखरीत झाला की वेग घटतो आणि डिझेल जास्त जळतं. लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो, दिसतो किड्यासारखा पण खरं तर शिंपल्याच्या कुळातला. तो आत शिरला की बाहेरून फळी धड दिसते आणि आतून पोकळ झालेली असते. म्हणून तर जुने लोक तळाला मुशीचं तेल, डामर लावायचे. आता फायबरच्या होड्या आल्या, त्यांना कीड लागत नाही. पण कायम पाण्यात ठेवलेल्या फायबरच्याही पापुद्र्याखाली पाणी मुरतं आणि फोड येतात.

उलट बाजूही आहे. लाकडी होडी कोरड्यावर उन्हात टाकून दिली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पाण्यात सोडली की गळते. पावसाचं गोडं पाणी आत साचलं तर लाकूड आणखी लवकर कुजतं. म्हणून कोकण किनाऱ्यावर होडी नुसती ओढून ठेवत नाहीत, ती शाकारतात. पूर्वी झापांनी, आता ताडपत्रीनं. शाकारणं हा शब्द घरासाठी आणि होडीसाठी एकच आहे, वर्गात मराठी शिकवताना मी हे मुलांना मुद्दाम सांगतो.

रत्नागिरीत राजिवड्याला माझं आजोळ. तिथं भाट्ये खाडीच्या काठावर मे संपत आला की एकच लगबग असायची. उधाणाची भरती बघून होडी जितकी वर आणता येईल तितकी तरंगत आणायची, मग ओंडक्यांवरून ओढायची. भांगाच्या भरतीला हे काम होत नाही, पाणी तेवढं वर चढतच नाही. मामू आणि त्यांचे साथीदार तारखांचा हिशेब चंद्रावर करायचे, आणि त्या कामी आमचं हिजरी कॅलेंडर घड्याळाइतकं चोख चालतं. चौदावी-पंधरावीच्या आसपास उधाण, आठवी-नववीच्या सुमाराला भांग. नाखवा, तांडेल, बंदर हे शब्द राजिवड्यात चालतात तसेच कोळीवाड्यातही चालतात. नाखवा तर फारसी नाखुदावरून आलेला.

म्हणजे आपल्याकडच्या मच्छीमारानं पाण्यात की कोरड्यावर हा वाद कधी घातलाच नाही. त्याचं उत्तर ऋतूप्रमाणे ठरलेलं होतं. धंद्याचे महिने होडी पाण्यात, पावसाळ्यात किनाऱ्यावर. रोज समुद्रात जाणाऱ्याला रोज ओढून काढणं परवडत नाही आणि आषाढातल्या वाऱ्यात नांगरून ठेवणंही परवडत नाही. अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हीच होडीच्या डागडुजीची वेळ. तळ खरवडायचा, रंग द्यायचा, सांधे भरायचे. हे काम पाण्यात होत नाही.

तर मुद्दा असा, की नवी मुंबईत या दोनपैकी दुसरी जागा संपत चालली आहे आणि तिची दखल कुणाच्याही कागदावर नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. शहरासाठी ९५ गावांची जमीन संपादित करायचं ठरलं. शेतकऱ्यांनी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली ती या लढ्यातूनच. पण ही योजना जमीन गेलेल्याला जमीन देते. ज्या काठावर पिढ्यान् पिढ्या होड्या ओढल्या, जाळी सुकवली, तो काठ कुणाच्या सातबाऱ्यावर होता? तो सरकारचा. सरकारची जागा सरकारनं घेतली, तेव्हा कुणाचं काही गेलं अशी नोंदच झाली नाही.

नंतर खारफुटीला संरक्षण मिळालं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि मग सप्टेंबर २०१८ मध्ये कडक आदेश दिले. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. हे सगळं व्हायलाच हवं होतं असं माझं ठाम मत आहे. खारफुटी नसेल तर खाडीत मासळीही नसेल, हे कोळी आपल्याआधी सांगत आलेत. अडचण वेगळी आहे. एका बाजूला रस्ते आणि इमारती, दुसऱ्या बाजूला हात न लावायचं जंगल, आणि दोन्हींच्या मधे होडी टेकवायला मोकळी पट्टी उरत नाही. भराव टाकणाऱ्या बिल्डरला आणि होडी ओढणाऱ्या कोळ्याला एकाच नियमानं तोलणं मला पटत नाही.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांमध्ये मासे सुकवायची जागा, जाळी दुरुस्तीची जागा, पारंपरिक नौका बांधणीची जागा यांना वाव ठेवलेला आहे. पण वाव म्हणजे परवानगी, आरक्षण नव्हे. इमारत बांधताना पार्किंग किती हवं ते नियमात लिहिलेलं असतं, नाही ठेवलं तर नकाशा मंजूर होत नाही. होडीसाठी असा नियम नाही.

जेटी बांधतात, हे खरं. जेटी बांधली की फीत कापता येते, फोटो निघतो. पण जेटी म्हणजे पाण्यातली जागा. उतरायला, मासळी चढवायला ती लागतेच. मे महिन्याच्या अखेरीस तिचा उपयोग काय? १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा बंदी सुरू व्हायला दोन आठवडे बाकी होते आणि बहुतेक होड्या पाण्यातच होत्या. अशा वेळी चार तासांत होडी वर घ्यायची तर काँक्रीटचा सौम्य उतार हवा, दोर गुंडाळणारं यंत्र हवं, आणि वर जागा हवी.

कुणी म्हणेल, मूठभर होड्यांसाठी कोट्यवधींची जमीन? हिशेब करून बघू. खाडीतल्या लहान होडीला फिरायच्या जागेसकट नऊ मीटर बाय तीन मीटर धरा. सत्तावीस चौरस मीटर, म्हणजे साधारण दोन मोटारींची जागा. वीस होड्या आणि मधला रस्ता मिळून दहा गुंठे पुरतात. एवढी जागा आपण एका मॉलच्या गाड्यांना डोळे मिटून देतो.

मग परदेशासारख्या मांडण्या इथं का नकोत? मी यावर बराच विचार केला. फायबरच्या हलक्या होड्यांना दोन मजली मांडणी चालेल, जागा निम्मी वाचेल. लाकडी होडीला ती चालणार नाही, वजन दोन-तीन ठिकाणीच पेललं की सांधे ढिले होतात. फोर्कलिफ्टला टणक जमीन लागते, खाडीकाठी चिखल आहे. आणि खरी भीती वेगळीच आहे. यंत्र आलं की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की भाडं येतं, आणि दोन वर्षांत त्या मांडण्यांवर वीकेंडला फिरणाऱ्यांच्या स्पीडबोटी दिसतात. त्यापेक्षा साधा उतार, चाकांचा गाडा आणि पत्र्याची शेड, तीही मच्छीमार सहकारी संस्थेच्या ताब्यात. संस्था काय करू शकतात ते आपण पाहिलंय. वाशीगावची मरीआई मच्छीमार सहकारी संस्था तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी उच्च न्यायालयात गेली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयानं पूल होऊ दिला, पण मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण आखायला सरकारला सांगितलं. अशा धोरणात बुडालेल्या उत्पन्नाबरोबर गेलेली होडीची जागाही मोजली जावी, असं माझं म्हणणं आहे. पैसे दिले की संपलं असं होत नाही. पैशांनी नवी होडी येईल, ती शाकारायची कुठं?

उर्दूच्या तासाला कश्ती आणि साहिल हे शब्द इतके येतात की मुलं कंटाळतात. शायराची कश्ती तुफानातून सुटली, साहिलला लागली, की गझल संपते. पुढं ती कश्ती ओढून ठेवायला साहिलवर जागा होती का, हे एकाही शायरानं विचारलेलं माझ्या वाचनात नाही. शायराला माफ आहे. शहराच्या विकास आराखड्यावर जेव्हा हरकती आणि सूचना मागवतात, तेव्हा आपल्या सोसायट्या पार्किंगबद्दल लिहितात. त्याच अर्जात घणसोली, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे इथल्या काठांवर प्रत्येकी दहा गुंठे होड्यांसाठी राखून ठेवा, एवढी एक ओळ घालायला कागद जास्त लागत नाही.